बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती

बेळगावला येणारे पै-पाहुणे गणपत गल्लीत खरेदी करतात, कुंदा बांधून घेतात आणि परततात. बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर किल्ल्यात आठशे वर्षांचं जैन मंदिर (इकडे त्याला ‘बस्ती’ म्हणतात) उभं आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं. रिक्षाच करायची तर ‘मामा, किल्ल्यातल्या बस्तीला सोडा’ एवढं सांगितलं तरी पुरे.

बाहेरून बस्ती तशी बसकी. पायऱ्या चढून मंडपात शिरलं आणि मान वर केली की मात्र पाय तिथेच थबकतात. छताच्या मधोमध दगडी कमळ खाली लोंबतंय! वर्तुळात वर्तुळ, पाकळीला लागून पाकळी. पाकळ्या बहात्तर. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी चोवीस तीर्थंकर, असा हिशेब सांगतात. मान अवघडते, खुशाल खांबाला टेकून उभं राहा.

त्या खांबांकडे लोक फारसं बघत नाहीत, आणि माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे. कल्याणी चालुक्यांच्या धाटणीचे, चरकावर (लेथसारख्या यंत्रावर) फिरवून घडवलेले हे खांब. कडा इतक्या धारदार की बोट फिरवायचा मोह होतो. तो आवरा, हाताच्या तेलानं दगड खराब होतो. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले तीर्थंकर नेमिनाथ आहेत. इथे रोज पूजा होते, तेव्हा चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवा आणि मूर्तीचा फोटो घेण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचण (बिचिराज) नावाच्या मंत्र्यानं 1204च्या सुमारास हे जिनालय बांधलं. तेव्हा बेळगाव होतं वेणुग्राम. रट्ट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्यांनी, दोन्हीकडच्या, हे जरा ध्यानात घ्यावं. या जिनालयाच्या दानाची नोंद असलेले कन्नड शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इथलं वाचायचं तर तिकडे जा, अशी गत.

शेजारची चिक्की बस्ती चुकवू नका. ती पडकी आहे, पूजा होत नाही, म्हणून गर्दी पुढे निघून जाते. दर्शनी भागावरची नर्तक-वादकांची रांग बघायला मात्र कोवळं ऊन हवं. म्हणून सकाळीच या. दुपारी अनवाणी पायांना फरशी सोसवत नाही.

किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र जवळ असू द्या, आणि कॅमेरा बस्तीपुरताच. तास-दीड तासात सगळं बघून होतं. हाताशी गाडी असेल तर तसंच खानापूर तालुक्यातल्या हलशीला जा. ती कदंब राजघराण्याची पलाशिका; जैनांना दिलेल्या दानांचे त्यांचे ताम्रपट तिथेच सापडले. भूवराह नरसिंहाचं देऊळही तिथलंच. पाणी आणि डबा बेळगावातूनच घ्या.