एक डावं, एक उजवं

आमच्या मागच्या अंगणात हरणं येतात असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत लगेच कण्व मुनींचा आश्रम उभा राहतो आणि मग खरं सांगायची माझी हिंमत होत नाही. खरं म्हणजे अमेरिकेत, आमच्या विस्कॉन्सिनमध्ये, हरीण म्हणजे आपल्याकडची मोकाट गाय. ट्युलिपचे कोंब वर आले की खाल्ले, होस्टा नावाचं रुंद पानांचं शोभेचं झाड तर पार बुडख्यापर्यंत, आणि गेल्या वर्षी मी कौतुकाने लावलेल्या मेथीच्या वाफ्यातसुद्धा एकजण उभा होता, हाकलला तर कान हलवून परत खायला लागला. त्यामुळे हरणाबद्दल प्रेमबिम काही नव्हतं, जुना हिशोब बाकी होता.

तर मार्च संपता संपता बर्फ वितळला आणि कुंपणाजवळचा कुजका पाला ओढताना दाताळ्यात काहीतरी अडकलं. आधी वाटलं वाळकी फांदी. उचललं तर जड, गार, आणि बुडाशी खडबडीत कडा असलेली एक चकती, बाटलीचं बूच उपटून काढावं तशी. शिंग होतं. चार टोकांचं, उन्हापावसाने पांढरं पडलेलं, आणि एका टोकाला बारीक दातांनी कुरतडल्याच्या खुणा.

मराठीत आपण म्हशीलाही शिंगच म्हणतो आणि हरणालाही शिंगच, पण प्रकार अगदी वेगळा. म्हशीचं, बकरीचं, काळविटाचं शिंग म्हणजे आत हाड आणि वर नखासारखं टणक कवच, आणि ते जन्मभराचं. इथल्या या हरणाचं नुसतं हाड, आणि दरवर्षी नवीन. हिवाळ्यात अंगातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं की कवटीला जिथे जोड असतो तिथलं हाड आतून विरघळायला लागतं आणि एक दिवस चालता चालता, नाहीतर कुंपणावरून उडी मारताना धक्का बसून, शिंग टपकन गळून पडतं. एक आज, दुसरं कधी त्याच दिवशी तर कधी चार दिवसांनी. म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात म्हणतात, हा गडी तर जड व्हायच्या आतच टाकून मोकळा.

शेजारच्या आजोबांना दाखवायला घेऊन गेले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो तेव्हा दरवर्षी नारिंगी जाकीट चढवून पहाटे चारला घराबाहेर पडणारे. त्यांनी शिंग हातात फिरवलं आणि म्हणाले, डावं आहे, पण हे यंदाचं नाही, मागच्या वर्षीचं, बघ खारींनी खाल्लंय. खारी, उंदीर कॅल्शियमसाठी ही शिंगं कुरतडतात म्हणे. (आमच्या महाराष्ट्राचा राज्यप्राणीच खार आहे, म्हणजे शेकरू, हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. त्यांना फारसं काही वाटलं नाही.) मी विचारलं चार टोकं म्हणजे चार वर्षांचा होता का, तर हसले. टोकांवरून वय कळत नाही, खाणंपिणं चांगलं असलं आणि घराणं चांगलं असलं की टोकं वाढतात. आपल्याकडे हेच लग्नाच्या स्थळाबद्दल बोलतात.

मग सहज म्हणाले, माउंट कर की याचं, म्हणजे फळीवर बसवून भिंतीला लाव. घरी ठेवायला मला परवाना वगैरे लागेल का तर नाही, गळून पडलेलं शिंग उचललं तर इथे लायसन लागत नाही, कवटीसकट मिळालं तर मात्र आधी वॉर्डनला, म्हणजे वन्यप्राण्यांच्या सरकारी अधिकाऱ्याला, विचार.

मला हे ऐकून गंमत वाटली कारण माझ्या आजीच्या बटव्यात सांबरशिंगाचा बोटभर तुकडा होता. बरगडी भरली, गालगुंड झालं की सहाणेवर उगाळून लेप, तो वास अजून आठवतो, ओल्या खडूसारखा. तिच्या माहेरच्या वाड्यात तर दिवाणखान्यात अख्खी जोडीच होती आणि त्यावर पाहुण्यांच्या टोप्या टांगायचे. आज भारतात हे सगळं गुन्ह्यात बसतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा गळून पडलेल्या शिंगालाही सोडत नाही, 2003 मध्ये सरकारने जुन्या वस्तू जाहीर करायला 180 दिवसांची मुदत दिली होती, तीही कधीच संपली. आणि ते बरोबरच आहे, गळालेलं कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं हे बाजारात कोण बघत बसणार.

तर माउंट. आजोबांच्या गॅरेजात सगळी भिंत भरलेली आहे, बहुतेक कवटीसकट, त्याला इथे युरोपियन माउंट म्हणतात. एकदा मी करताना बघितलंय. टर्की तळायच्या मोठ्या पातेल्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून कवटी मंद आचेवर ठेवायची, खळखळून उकळली तर हाड तडकतं आणि चरबी आत शिरून पुढे पिवळं पडतं. मग ब्यूटी पार्लरवाले केसांना वापरतात तो 40 व्हॉल्यूमचा पेरॉक्साइड चोपडायचा, त्याआधी शिंगांची बुडं नीट गुंडाळायची, नाहीतर तीही पांढरी. कपड्यांचं ब्लीच चुकूनही नाही, हाड ठिसूळ होतं. शिकार केलेल्या हरणाचं सॅम्पल ते आधी तपासायला देतात कारण इथे 2002 पासून हरणांमध्ये मेंदूचा एक असाध्य रोग सापडतोय. हे सगळं मी दारात उभी राहून बघितलं होतं, नाकाला ओढणी लावून. आम्ही शाकाहारी. आपल्याकडून काही होणार नाही.

पण गळालेल्या शिंगाला ना उकळायचं ना खरवडायचं. अडचण वेगळीच, माझ्याकडे एकच होतं. उजवं शोधायला मी दोन आठवडे ओढ्यापर्यंत फिरले, चपलेचा हरवलेला जोड शोधतात तशी खाली मान घालून, पोलिसांना संशय यावा अशी. नाही मिळालं. शेवटी आजोबांनी त्यांच्या बादलीतून एक उजवं काढून दिलं. तीनच टोकं, दुसऱ्याच कुठल्यातरी हरणाचं, आणि रंग मस्त तपकिरी. किचनच्या काट्यावर माझं 410 ग्रॅम, ते 365. जोडी शेजारी शेजारी ठेवली तर नवरदेव गोरा नि नवरी सावळी.

रंगाला उपाय काय, तर पोटॅशियम परमँगनेट! मी उडालेच. आमच्या घरी त्याच्या गुळण्या करायचे, आई पालेभाजी त्यात बुडवायची, ते जांभळं पाणी. इथे हार्डवेअरच्या दुकानात विहिरीच्या पाण्यातलं लोखंड काढायच्या फिल्टरसाठी मिळतं. कोमट पाण्यात चिमूटभर विरघळवून ब्रशने लावलं, शिंग आधी राणी गुलाबी झालं आणि माझा जीव गोळा झाला, पण पाच-दहा मिनिटांत ते हळूहळू तपकिरी व्हायला लागलं. टोकांवरून कापडाने पुसून घ्यायचं कारण खऱ्या शिंगाचीही टोकं घासून घासून उजळच असतात. दोन हात दिल्यावर दोघं निदान चुलत भाऊ वाटायला लागले. माझ्या बोटांवर मात्र आठवडाभर जुन्या मेंदीचा रंग, ऑफिसात सगळ्यांनी विचारलं.

पुढचं काम ड्रिलिंगचं. आधी लाकडाचा एक ठोकळा कापून तासून कवटीच्या माथ्यासारखा केला, मग शिंगाच्या बुडात मधोमध पाव इंची भोक, त्यात दोन्हीकडे आटे असलेला बोल्ट इपॉक्सी गोंदाने बसवायचा आणि त्याचं दुसरं टोक ठोकळ्यात. बाहेरून दगड वाटणारं शिंग आत स्पंजासारखं जाळीदार असतं. ड्रिल फिरायला लागल्याबरोबर जो वास आला तो मी लगेच ओळखला, रूट कॅनाल. मास्क लावाच, ती धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही, आणि आजोबांनी लावला नव्हता म्हणून मी त्यांना जरा बोलले.

कोन हा खरा प्रश्न. हरणाच्या डोक्यावर शिंगं आधी मागे, मग बाहेर, मग पुढे अशी वळतात आणि कवटीच नाही म्हटल्यावर मला अंदाज कसा यावा? नवरा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसला होता, त्याच्या डोक्यावर दोन्ही धरून बघितली. तो म्हणाला, पन्नाशीत शिंगं मोडून वासरांत शिरतात, तू लावायला निघालीयस. असो. कोन मिळाला.

आई एप्रिलमध्ये आली. बॅग उघडायच्या आधी तिने टेबलावरचा तो प्रकार बघितला आणि थांबली. "मेलेल्या जनावराचं आहे?" मी सगळं समजावलं, दरवर्षी गळतं, त्याला दुखत नाही, खालून नवीन येतं. ती थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, "अगं मग मोरपिसासारखंच की." झालं, विषय संपला. मी एवढे दिवस जे स्वतःला पटवत होते ते तिने एका वाक्यात मिटवलं. (मोरपीस भारतात घरात चालतं बरं का, कायद्यात त्याला सूट आहे. शिंगाला नाही. आईला हे काही पटलेलं नाही.)

ठोकळा झाकायला इथल्या किटमध्ये लाल नाहीतर हिरवी मखमल मिळते, अगदी बँडवाल्याच्या ड्रेससारखी. आई म्हणाली थांब, आणि बॅगेतून एक खण काढला, हिरवट मोरपंखी, लाल काठाचा, कुणीतरी ओटीत दिलेला. ओटीतले खण किती घरं फिरतात तुम्हाला माहितीये, ह्याचा प्रवास एकदाचा संपला. तिनेच तो ओला करून ठोकळ्यावर ताणून बसवला, कोपऱ्यांना निऱ्या घालून, मागून स्टेपल मारले मी. फळी म्हणून अक्रोडाच्या लाकडाचा जुना चॉपिंग बोर्ड, पन्हळीची बाजू आत. आजोबांनी खण बोटाने चाचपून बघितला, एवढंच म्हणाले की असं अजून बघितलं नव्हतं. नंतर त्यांच्या बायकोने दुसरा आहे का विचारलं, म्हणजे आवडला असणार.

आता पॅसेजमध्ये लावलंय. किंचित डावीकडे झुकतं, ते 45 ग्रॅम जास्त आहेत ना. नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्यावर गाडीची किल्ली अडकवली, आईने जपाची पिशवी.

मे अखेरीस एका सकाळी आईने खिडकीतून हाक मारली. अंगणात एक नर उभा होता, डोक्यावर वीतभर लांबीचे दोन गुबगुबीत खुंट, वर मखमलीसारखी लव. आतून सगळ्या रक्तवाहिन्या असतात तेव्हा, उन्हाळाभर वाढत राहायचं आणि सप्टेंबरमध्ये ती मखमल कुणाच्यातरी सफरचंदाच्या झाडावर घासून काढायची, बहुधा आजोबांच्याच. माझा होस्टा चालला होता, मी दार उघडून ओरडणार तेवढ्यात आई जाळीला नाक लावून त्याला म्हणाली, "अरे, तुझं एक आमच्याकडे राहिलंय रे."

त्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि पुढचं पान तोडलं.