मतमाउलीच्या वाटेवर एक गोधडी

राहात्याहून हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेसाठी चालत जाण्याचा रिवाज आमच्या घरात आजोबांनी सुरू केला आणि मी तो पंधरा वर्षे मोडला होता. पुण्यात नोकरी लागल्यापासून सप्टेंबर आला की सुट्टी मिळत नाही, पाऊस आहे, अशी कारणे मी आईला फोनवर सांगत आलो. खरे कारण असे होते की भाड्याची खोली शोधताना दोन ठिकाणी आडनावावरून आणि एका ठिकाणी गळ्यातल्या क्रुसावरून ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न ऐकल्यावर मी क्रूस सदऱ्याच्या आत घालू लागलो होतो, आणि जे शहरात झाकून ठेवायचे तेच गावाकडच्या रस्त्यावर भजने म्हणत कसे मिरवायचे, हे मला जमेना. यंदा आईचे गुडघे पार गेले. ‘माझ्या वाट्याचं तू चाल,’ एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी निघालो तेव्हा आम्ही चाळीसेक जण होतो. पुढे टेम्पोत फुलांनी सजवलेली मरियामातेची मूर्ती, मागे माळेची प्रार्थना म्हणणाऱ्या बायका आणि सर्वांत शेवटी मामा व मी. पेरूच्या बागा संपून ऊस लागला तसा मामा बोलू लागला. 1949 साली येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूंनी ही यात्रा सुरू केली, हे मला ठाऊक होते. त्याआधी दहा वर्षे, म्हणजे 1939 च्या डिसेंबरात, त्याच हरेगावात बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध, म्हणजे वतनाच्या नावाखाली लादलेल्या गावकीच्या वेठीविरुद्ध, परिषद घेतली होती, हे मात्र मी प्रथमच ऐकत होतो. ‘तुझा पणजा परिषदेला गेला आणि आजा यात्रेला. दोघंही एकाच कारणानं गेले,’ मामा म्हणाला. त्याच दमात त्याने, अनुसूचित जातींत कोणाला धरायचे हे ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशाचा विषय काढला. त्या आदेशाच्या कक्षेत 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती मात्र अजून बाहेरच आहेत. सरकार म्हणते तुम्ही आता दलित नाही, घरमालक म्हणतो तुम्ही अजून तेच आहात. मामा हे हसत सांगतो, मला तसे हसता येत नाही.

बाभळेश्वरच्या चौकात एक तृतीयपंथी बाई आमच्यात येऊन मिळाली. हिरवी साडी, खांद्याला पिशवी, हातात मेणबत्त्यांचा पुडा. तिने कुणाला काही विचारले नाही. बायकांच्या रांगेपासून चार पावले अंतर राखून ती चालत राहिली आणि प्रार्थनेची उत्तरे सर्वांच्या बरोबरीने, न चुकता देत राहिली.

मुक्काम एका शाळेच्या व्हरांड्यात होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये दोरीवर टाकलेली ताडपत्री. सकाळच्या जेवणाच्या हिशेबासाठी एक मुलगा वहीत नावे लिहीत होता. माझ्यापाशी आल्यावर त्याने आडनाव विचारले, तेव्हा ‘नुसतं नाव लिही’ असे मी सवयीने म्हणालो. मग तो तिच्यापाशी आला आणि त्याचे पेन थांबले. वहीत दोनच रकाने होते. ती ताडपत्रीच्या टोकाशी, जिथे पावसाचे पाणी आत येत होते, तिथे उभी राहिली. कोणी काही बोलले नाही. मीही नाही, उलट तिला माझ्या शेजारी जागा द्यावी लागेल की काय, या विचाराने मी माझी पिशवी पसरून ठेवली, हे लिहितानाही मला लाज वाटते.

ऐंशीच्या पुढच्या एका आजीने शांतता मोडली. ‘इकडं ये गं बाई, माझ्या गोधडीवर. रातच्याला मला उठवून न्यायला कुणीतरी लागतंच.’ शेजारची एक बाई कुरकुरली. आजीने तिच्याकडे पाहिलेही नाही. जुन्या लुगड्यांची ती गोधडी दोघींना अपुरीच होती, म्हणून आजी स्वतः अर्धी फरशीवर सरकली, आणि मग कुरकुरणाऱ्या बाईनेही आपले अंथरूण वीतभर ओढून घेतले.

मोठ्या मेजवानीचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. बोलावलेले पाहुणे येत नाहीत, तेव्हा यजमान चाकराला रस्त्यांवर आणि कुंपणांकडे धाडून वाटेवरच्या लोकांना आत आणायला सांगतो. तो वाटेवरचा माणूस म्हणजे आपणच, असे मी धरून चाललो होतो, कारण आमच्या आजा-पणजांना खरोखरच कोणी पंगतीला घेतले नव्हते. पण जे एकदा आत येऊन बसले त्यांनी पुढच्यासाठी सरकायचे असते, याचा विचार मी केला नव्हता. आमच्यातही सोयरीक जमवताना मूळची जात हळूच विचारली जातेच, मग ताडपत्रीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाची काय कथा.

हरेगावला पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते. नारळ घेऊन आलेल्या हिंदू बायका, बांगड्यांची दुकाने, मिस्सासाठी, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेसाठी, मैदानावर बसलेली माणसे. आजी त्या हिरव्या साडीवालीच्या हाताला धरून मतमाउलीच्या रांगेत उभी होती. तिने पुड्यातल्या दोन मेणबत्त्या आजीला दिल्या आणि मागे वळून एक मला दिली. आईचे गुडघे आठवून मी ती घेतली.

जेवणाच्या पंगतीजवळ तोच मुलगा वही घेऊन बसला होता. आजीने दोन बोटे दाखवून ‘आम्ही दोघी’ असे सांगितले आणि त्याने बायकांच्या रकान्यात दोन खुणा केल्या. माझी पाळी आली. क्रूस सदऱ्याबाहेर काढून मी त्याला म्हणालो, ‘काल माझं नाव अर्धंच लिहिलंयस, आता आडनावासकट लिही.’ त्याने मान वर न करता विचारले, ‘सांगा, दादा, आडनाव काय?’