फोरहँड उजव्या हाताचा, प्लास्टर डाव्या हाताला

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. पुण्यात टेनिसची सकाळी साडेसहाची ज्युनियर बॅच घेतो मी. त्यात एक बारा वर्षांची मुलगी आहे, सगळे तिला चिमणी म्हणतात, अंगाने काडी, पण फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायचा फटका, असा की शेजारच्या कोर्टवरचे काका लोक डबल्स थांबवून बघतात. बॉल नेटच्या चांगला हातभर वरून जाणार, बाहेर जातोय असं वाटणार आणि शेवटी खाली घुसून बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत पडणार. कोणी विचारलं की मी लगेच कॉलर ताठ करून सांगायचो, मनगट हो, सगळं मनगटात आहे.

तर ही सायकलवरून पडली आणि डावा हात मोडून घेतला. प्लास्टर, गळ्यात झोळी. दोन-तीन आठवडे कसेबसे काढले असतील, मग आईच घेऊन आली, "सर, घरी डोकं खाल्लंय हिने. डॉक्टर म्हणालेत पळायचं नाही, पडायचं नाही, जागेवर उभं राहून उजव्या हाताने खेळली तर चालेल." मी ते मेसेजवर लिहून घेतलं, आजकाल बरं असतं ते.

मी दोन पावलांवरून हाताने बॉल टाकायला लागलो. पहिला उजवीकडे बाहेर. म्हटलं सवय मोडलीय. दुसरा नेटमध्ये, तिसरा परत उजवीकडे, चौथा सरळ मागच्या जाळीवर. बास्केटमधले चाळीस बॉल संपले आणि त्यात चिमणीचा म्हणावा असा एकही नाही. रडवेली होऊन म्हणाली, "सर, उजवा हात तर बरा आहे ना माझा?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड बघितली, नेहमीची सेमी-वेस्टर्नच, तर्जनीच्या बुडाचं हाड हँडलच्या आठ कडांपैकी चौथ्या कडेवर, जिथे असायला पाहिजे तिथेच. मनगट सैल. बॉल शरीराच्या पुढे घे म्हटलं तरी उशीरच होत होता. शेवटी फोन काढला आणि स्लो-मो केला. सेकंदाला 240 फ्रेमवर. गंमत अशी की बॉल तारांवर असतो चार-पाच मिलिसेकंद, म्हणजे एवढ्या स्लो-मोमध्येसुद्धा तो क्षण जेमतेम एका फ्रेममध्ये सापडतो. त्या एका फ्रेममध्ये मनगट काय करामत करणार? जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं. हे मला पाठ होतं, सर्टिफिकेट कोर्सला लिहिलंही होतं, तरी पोरांना मनगट मनगट करतच होतो.

फेब्रुवारीतला तिचा जुना व्हिडिओ फोनमध्ये होता. दोन्ही पुढेमागे करत बघितले आणि तेव्हा दिसलं. जुन्यात बॉल निघताक्षणी डावा हात रॅकेटच्या गळ्यावर, तोच रॅकेट मागे ढकलतोय, त्याच्याबरोबर खांदा वळतोय, मग रॅकेट सोडून हा हात बेसलाइनला समांतर आडवा, डावा खांदा हनुवटीखाली. कंबर मात्र खांद्याएवढी वळलेली नाही, त्यामुळे मधे पिळा पडतो, ओल्या कपड्याला पडतो तसा. मग आधी कंबर सुटते, मागून खांदा, मागून हात, आणि रॅकेट सगळ्यात शेवटी फरफटत येते. फेडररचा कुठलाही फोरहँड थांबवून बघा, त्याचा डावा हात किती वेळ रॅकेटवर असतो आणि नंतर कसा आडवा पसरतो ते. नदालची स्टाइल केवढी वेगळी, त्याचा टॉपस्पिन, म्हणजे बॉलला खाली घुसवणारी पुढची फिरकी, मिनिटाला सरासरी 3200 गिरक्यांची मोजलीय, आधीच्या पिढीतल्या सॅम्प्रस-अगासीची 1800-1900च्या आसपास होती, पण नदालचाही रिकामा हात (तो डाव्या हाताने खेळायचा, म्हणजे उजवा) तेच काम करायचा. आपण सगळे बघतो ते त्याचं लासो फॉलोथ्रू, म्हणजे फटक्यानंतर रॅकेट दोरीच्या फासासारखी डोक्यावरून फिरवणं. पोरंही तेच कॉपी करतात.

नव्या व्हिडिओत डावा हात झोळीत पोटाशी. छाती सरळ नेटकडे. बिचारी एकट्या दंडाने बॉल ढकलत होती.

मग मी शिकवणं सोडलं आणि एकच सांगितलं, टी-शर्टच्या पाठीवरचं नाव मला दिसलं पाहिजे. म्हणजे हनुवटी डाव्या खांद्याला टेकेपर्यंत वळायचं, हात असो नसो. पहिले पाच-सहा बॉल हास्यास्पद गेले, तीही हसायला लागली. त्यानंतर एक बसला. आवाजच वेगळा, तो फट्ट नाही, थोडा जाडसर असतो तो. बॉल वर गेला आणि आत घुसला. विसात तीन-चार तसे निघाले, बाकीचे भरकटलेच, कारण पिळा आला तरी सोडताना डावा हात छातीशी ओढून घेतला की अंग जे झटकन फिरतं ते झोळीतून कुठून येणार. पण ती खुश, आई खुश. मी नव्हतो, दोन वर्षं जे पोर डाव्या हाताने खेळत होतं त्याचं श्रेय मी मनगटाला देत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचला सांगितलं, डावा हात खिशात घाला आणि फोरहँड मारा, म्हणजे कळेल. कळलं असणार, कारण दहा मिनिटांत शेजारच्या सोसायटीचा वॉचमन बादलीत नऊ बॉल घेऊन आला. दहावा म्हणे दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या बाल्कनीत आहे, तो तुम्हीच मागून आणा.