जोकरांच्या शाळेतला पहिला धडा: चेहरा

१९६७ साली आयर्विन फेल्ड यांनी रिंगलिंग ब्रदर्स सर्कस विकत घेतली, तेव्हा तिच्यातले जोकर उतारवयाला लागले होते आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरं नव्हती. म्हणून १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या व्हेनिस गावी, सर्कशीच्या हिवाळी मुक्कामावर, जोकरांची शाळा उघडली. फी नाही. शेवटी खेळ करून दाखवायचा आणि पसंत पडेल त्याला सर्कशीचं काम.

शिकवायला लू जेकब्ससारखे मुरलेले जोकर होते. जेकब्स म्हणजे कपाळावर चढलेल्या भुवया, निमुळतं डोकं, आणि इवल्याशा मोटारीतून बाहेर पडणारा तो लांबलचक देह! ही विद्या कागदावर नव्हती, अशा माणसांच्या हातात होती. तिला वारस मिळाले, हे या शाळेचं खरं मोल.

चेहऱ्याचंच बघा. रंगाला हात लावण्याआधी आरशासमोर हसायचं, रडायचं, दचकायचं. सुरकुत्या जिथे पडतात तिथेच रेघा ओढायच्या, नाहीतर चेहरा हलतो आणि रंग मुखवट्यासारखा थिजून राहतो. दुसऱ्या जोकराचा चेहरा उचलायचा नाही, हा या धंद्यातला जुना दंडक.

ऑगस्ट, म्हणजे धांदरट जोकर, डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती पांढरा लावतो, बाकी चेहऱ्याला कातडीच्या किंवा तांबूस छटेचा रंग. फिका आधी, गडद नंतर. तेलकट रंग अगदी पातळ लावायचा आणि बोटांनी ओढल्याचे पट्टे जाईपर्यंत थोपटायचा. मग पावडर. मोज्यात टाल्कम भरून गाठ मारायची आणि तो चेहऱ्यावर आपटत राहायचं. मिनिटभर थांबून जास्तीची पावडर मऊ ब्रशने झाडायची, वर ओला स्पंज हलकेच टेकवायचा. रंग जाड झाला तर पावडर खालपर्यंत पोचत नाही, आणि घाम आला की तोंडाच्या कोपऱ्यांपासून ओघळ सुरू. काळ्या रेघा सगळ्यात शेवटी, नाहीतर पांढऱ्यात मिसळून राखाडी होतात.

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे दोन्ही ओठ लाल करणं. लांबून नुसता लाल डाग दिसतो. लाल फक्त खालच्या ओठाला द्यावा, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही हसू कळतं.

चेहऱ्यानंतर खेळ. एक जोकर दुसऱ्याला थप्पड मारतो, पण तिचा आवाज मारणाऱ्याचा नसतो. खाणारा त्याच क्षणी छातीजवळ टाळी वाजवतो. टाळी जरा उशिरा पडली, तर सगळा तंबू गप्प.