कॉर्कमधला नाश्ता: आधी ब्रेड, मग तवा

आयर्लंडला गेलात तर हॉटेलच्या बुफेवरून तिथल्या नाश्त्याची परीक्षा करू नका. अन्न गरम ठेवायच्या दिव्याखाली तासभर राहिलेलं अंडं वातड होतं, रॅशर्स (बेकनचे पातळ काप) सुकतात आणि यीस्टऐवजी सोड्यावर फुगवलेल्या सोडा ब्रेडच्या जागी साध्या पांढऱ्या पावाचे टोस्ट ठेवलेले असतात. इतक्या चांगल्या जेवणाची अशी आबाळ बघून मला खरंच वाईट वाटतं. डब्लिन, किल्केनीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सांगतोय ते दक्षिणेकडच्या कॉर्क शहराबद्दल, आणि तेही स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या एवढ्यासाठीच.

खरेदी इंग्लिश मार्केटमध्ये करावी. हा बाजार 1788 पासूनचा. रॅशर्स कोरड्या मिठात मुरवलेले मागा. स्वस्त पाकिटातल्या मांसात खारं पाणी टोचलेलं असतं. तव्यावर पांढरा फेस सुटतो आणि रॅशर भाजण्याऐवजी उकडतो. ब्लॅक पुडिंग, म्हणजे एक जाड सॉसेज, घ्यावं क्लोनाकिल्टीचं, ते गावही कॉर्क परगण्यातलंच. यात रक्त असतं. नको असेल तर बिनरक्ताचं व्हाइट पुडिंग घ्या.

सगळी मदार ब्रेडवर. 450 ग्रॅम मैदा, एक सपाट छोटा चमचा खायचा सोडा, तेवढंच मीठ आणि 350 ते 400 मिली बटरमिल्क. आपलं पाणी घालून पातळ केलेलं ताक इथे चालत नाही, घट्ट आणि चांगलं आंबट हवं. सोडा चाळूनच घाला. गुठळी राहिली तर ब्रेडमध्ये पिवळे डाग पडतात आणि तो घास साबणासारखा लागतो. ओव्हन आधीच 230 अंशांवर तापलेला पाहिजे, कारण ताक पडताक्षणी सोडा वायू सोडायला लागतो आणि पीठ तसंच ठेवलं तर तो उडून जातो.

बोटं फाकवून हात परातीत गोल फिरवायचा. पीठ जेमतेम एकत्र आलं की थांबायचं. पोळीच्या कणकेसारखं मळायची आपल्या हाताची सवय इथे आड येते: मळलं की चिवटपणा वाढतो आणि ब्रेड दगड होतो. तिथला गहू मऊ, कमी प्रथिनांचा. यीस्टच्या उंच पावाला तो फारसा चालत नाही, सोड्याला मात्र उत्तम. चार सेंटिमीटर जाडीचा गोळा थापून वर कडेपर्यंत खोल फुली मारा. वरवर मारली तर मधला जाड भाग कच्चा राहतो. 15 मिनिटांनी आच 200 वर आणून आणखी 25 ते 30 मिनिटं. उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज आला की झाला. अर्धा तास जाळीवर राहू द्या. गरम कापला तर सुरीला चिकटतो.

तेवढ्या अर्ध्या तासात बाकीचं होतं. सॉसेज मंद आचेवर, न टोचता, पंधरा मिनिटं. मग रॅशर्स. पुडिंगची साल काढून सेंटिमीटरभर जाड चकत्या करा आणि एकदाच उलटा, सारखं हलवलं तर भुगा होतो. त्याच चरबीत टोमॅटो कापलेली बाजू खाली ठेवून. मशरूमला वेगळा तवा, नाहीतर त्यांच्या पाण्याने सगळं लिबलिबीत होतं. अंडी अगदी शेवटी.

ब्रेडवर खारं लोणी सढळ हाताने लावा आणि सोबत कडक चहा, दूध घालून. उरलेला ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, तेव्हा तो भाजूनच खावा.