आमची वाटचाल : आतली बाजू

मुलगी म्हणाली, "आई, दहा ओळी लिहून दे, आपल्या शिवलेल्या भेटवस्तूंसोबत जाणाऱ्या कार्डावर छापू." बसले लिहायला. 'छंदातून उभा राहिलेला व्यवसाय' एवढं एक वाक्य झालं आणि पुढे हात चालेना, कारण ते खोटं होतं. छंद कुणाला होता? घरात एक जुनी पायाची मशीन होती, ओळखीच्या शिंप्याकडून गाठोडंभर कतरण मिळायची आणि दोघींना काम हवं होतं. दोघी म्हणजे मी आणि माझी तेव्हाची भागीदार. तिचं नाव लिहीत नाही. वाचनात आलंच तर ती स्वतःला ओळखेल.

कापायचं तिनं, शिवायचं मी. असं काही ठरवलं नव्हतं, ते पडत गेलं. फेल्टवर खडूची रेघ न ओढता ती पान कापायची आणि दोन्ही बाजू सारख्या यायच्या. असा हात मी नंतर पाहिला नाही, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. तिची १० इंची कात्री होती, लोखंडी, जड, मुठीला चिंधी गुंडाळलेली. त्या कात्रीनं कागद कापायचा नाही, पुठ्ठा कापायचा नाही. कागदानं धार जाते हे शिवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं आणि प्रत्येकीच्या घरी कुणीतरी एकदा कापडाच्या कात्रीनं पाकीट फोडलेलं असतं. माझ्या हातून पाकीट नाही, एक्स-रे कापला गेला.

त्याचं असं झालं. आमचे फॉर्मे, म्हणजे कापड कापायचे साचे, जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे असायचे. पुठ्ठ्याच्या फॉर्म्याभोवती शंभर वेळा खडू फिरवला की कडा झिजतात आणि आपल्या नकळत कापडी हत्ती रोडावत जातो. फिल्म झिजत नाही. शिवाय आरपार दिसतं, त्यामुळे छापील कापडावरचं फूल हत्तीच्या पोटावर येणार की नेमकं नाकावर, ते आधीच कळतं. हत्तीचा पहिला फॉर्मा मी कापत होते. माझी कात्री सापडेना म्हणून तिची घेतली. मागच्या पायाच्या वळणावर कात्री घसरली आणि नको तिथे एक खाच पडली.

"खाचेचं काही नाही गं, ती मार्जिनमध्ये, टिपेबाहेरच्या कापडात जाईल," ती म्हणाली. "कात्रीचं काय?" दोन दिवस बोलली नाही.

खाच तशीच राहिली. दोन तुकडे नीट जुळवायच्या खाचा हत्तीला तीनच. सोंडेखाली एक, पोटपट्टी सुरू होते तिथे एक, शेपटीपाशी एक. ही चौथी कशालाच जुळत नाही. कामाला नवी आलेली प्रत्येक मुलगी विचारते, "ताई, ही कशाला?" तिला सांगते, "ती सोड."

सुरुवातीची दोन वर्षं पुस्तकखुणा, चष्म्याच्या पिशव्या, टाचण्यांच्या गाद्या आणि हत्ती यांवर गेली. भेट म्हणून द्यायला लोकांना साधंच हवं असतं, पण साधं नीट शिवलेलं हवं असतं. मग ३०० पाऊचची ऑर्डर आली. एका संस्थेला पाहुण्यांना द्यायचे होते. बाहेरून पांढरं जाडसर सुती कापड, आतून लालभडक अस्तर, वर चेन. रंग त्यांनीच निवडले. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. उधारीवर मोटरची दुसरी मशीन आणली, कापडही उधारीवरच.

कापड आलं तेव्हा हातात १२ दिवस होते. मी म्हटलं, आधी भिजवून घेऊ. ती म्हणाली, भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, यात दोन दिवस जातील. अस्तर तर आत असतं, ते कोण धुणार? मीही मान हलवली. हे मी लपवत नाही. मीही मान हलवली होती.

शेवटच्या हाताला, म्हणजे पाऊच उलटवून, कोपरे काढून, दाबायला घेतले तेव्हा पहिल्यावर पाण्याचा हलका फवारा मारला आणि गरम इस्त्री ठेवली. चेनच्या कडेनं, टिपेला लागून, एक गुलाबी रेघ वर आली. मला आधी वाटलं, खडू असेल. दुसरा घेतला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याच्या तळाला तर गुलाबी नकाशाच उमटला. तिथे थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो नाही. वाफेऐवजी ओल्या फडक्यानं करून बघू, फडकं जरा कोरडं करून बघू, असं करत करत रात्रीत २१६ पाऊच बिघडवले.

पुढचे दोन दिवस प्रत्येकानं उपाय सांगितला. मिठाच्या पाण्यात टाक, व्हिनेगरमध्ये टाक. दोन्ही केलं. आता माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, की सुती कापडाच्या धाग्याशी जो रंग घट्ट बांधला गेला तो राहतो आणि जो बांधला गेलाच नाही तो सुटा पडून असतो. त्याला मीठ घाला की व्हिनेगर, तो निघायचा तो निघतोच. त्याला कोमट पाणी आणि साबण दाखवून कापायच्या आधीच घालवायचं असतं. शिवून झाल्यावर पाण्यात टाकलं की तो शेजाऱ्याच्या अंगावर बसतो. आमच्या पाऊचला पांढरा शेजारी होता.

इस्त्री न लागलेले ८४ पाऊच कोरडेच दाबून पाठवले. संस्थेनं ते घेतले, बाकीच्यांचं विचारलं, खरं सांगितल्यावर फोन ठेवला. परत त्यांची ऑर्डर आली नाही. मोटरची मशीन परत गेली. कापडवाल्यानं तगादा लावला. तो चुकत नव्हता, पण रोज सकाळी त्याचाच फोन पहिला वाजायचा हे मी विसरलेले नाही.

आणि मग बाहेरून कानावर येऊ लागलं, की "कापड धुवायचं तिच्याकडे होतं." तिच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. कुणाकडे धुवायचं होतं हे कधी ठरलंच नव्हतं. कापड आणणं, मोजणं, कापणं तिचं. मी मशीनवर. तरी चूक दोघींची म्हणून मी गप्प राहिले असते. पण महिन्याभरानं ती आली, मी घरी नसताना, आणि फॉर्म्यांची सगळी फाईल घेऊन गेली. हत्ती, घुबड, चष्म्याची पिशवी, सगळं. माझ्याकडे रेखाटनं होती म्हणून मी फॉर्मे पुन्हा कापले. हत्तीची खाचही पुन्हा कापली. का कापली ते विचारू नका. रेखाटनावर ती उतरली होती आणि हात त्यावरून गेला. घाईत भागीदार तिची कात्री मात्र खिळ्याला तशीच विसरून गेली.

बाईंबद्दल लिहायला हवं. त्या निवृत्त शिक्षिका, आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. दर वर्षी ४० पुस्तकांची कापडी वेष्टनं घेतात आणि वाचणाऱ्या मुलांना वाटतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा वेष्टन हातात घेतलं, वरचं कापड पाहिलंच नाही. "उलटं करून दाखव." उलटं केलं. टीप कुठे वाकडी, दोरा कुठे लोंबतोय, कड कुठे कच्ची राहिली, सगळं नखानं दाखवलं आणि म्हणाल्या, "वही मागून तपासायची असते." मला राग आला होता. आज आमच्याकडे प्रत्येक वस्तू आधी उलटी तपासली जाते आणि मगच तिला सुलट व्हायचा मान मिळतो.

त्या पडत्या दिवसांत बाई वेष्टनं न्यायला आल्या आणि कोपऱ्यातला गुलाबी ढीग पाहिला. सगळं सांगितलं. त्यांनी एक पाऊच उलटा केला, आतलं काम पाहिलं, म्हणाल्या, "शिवण चांगली आहे की. डाग झाकता येत नसेल तर सगळंच रंगव."

रात्री डोक्यात ते फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी सुती कापडाचा गडद निळा रंग आणला आणि एक पाऊच बुडवून पाहिला. बाहेर आला तेव्हा कापड गर्द निळं, अस्तर जांभळट, आणि टीप पांढरीशुभ्र! दोरा पॉलिस्टरचा होता. सुती कापडाचा रंग पॉलिस्टर धरत नाही. चेनची पट्टीही पॉलिस्टरची, तीही पांढरी राहिली. निळ्यावर पांढऱ्या टिपेची ती रेघ अशी काही उठून दिसत होती की मुद्दाम केल्यासारखी वाटावी. पण एक झालं, इतक्या वर्षांत कुणाच्या नजरेला न पडलेली माझी प्रत्येक टीप आता उघडी पडली. वाकडी टीप असलेले १९ बाजूला काढले. उरलेले १९७, या वेळी रंगाचं पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून, वाळवून विकले. दोन महिन्यांत संपले. लोक विचारायला लागले, पांढऱ्या टिपेचे पाऊच आहेत का?

तेव्हापासून तेच आमची ओळख आहे. अजूनही आधी पांढऱ्या कापडाचा शिवतो आणि मग रंगवतो. निळ्या कापडावर पांढरा दोरा मारून तसाच दिसणारा पाऊच बाजारात आहे, कुणाचा ते मी सांगत नाही. कळणाऱ्याला चेनच्या पट्टीवरून कळतं.

पुढची ९ वर्षं बरी गेली. आता तीन मशिनी आहेत आणि आम्ही पाच जणी.

नव्यानं या कामात उतरणाऱ्यांनी विचारलं नाही तरी सांगते. कापड आधी भिजवा. रंगासाठी तर खरंच, पण आटण्यासाठीही. एका मीटरमागे सुती कापड कधी ३, कधी ५ सेंटिमीटर आटतं, आणि अस्तर व वरचं कापड वेगवेगळं आटलं की पहिल्या धुण्यात पिशवीला सुरकुत्या पडतात. लाल, गडद निळं, काळं यांवर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडकं बोललं तर ऐका. कापताना उभा धागा पाहा. आडव्यावर कापलेली पुस्तकखूण काही दिवसांत सैल पडते. गोल कडेला गोट लावायचा तर पट्टी उरेबच, म्हणजे कापडावर तिरकी कापलेलीच हवी, सरळ पट्टी वळणावर चुण्या टाकणारच.

सुईबद्दल एवढंच. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. साध्या सुती भेटवस्तूंना ती चालते. चार पदरी कॅनव्हासला १००/१६ घ्या. साधारण आठ तास शिवलं की सुई बदला, मोडायची वाट पाहू नका. बोथट सुई कापडातून जाताना टक् टक् वाजते, ऐकायची सवय लागते. इस्त्रीनं चिकटणारं बकरम, म्हणजे कापडाला ताठपणा देणारा थर, लावताना इस्त्री फिरवू नका, उचलून ठेवा, दाबा, पुन्हा उचला, आणि थंड होईपर्यंत कापडाला हात लावू नका. फुगे येतात ते या घाईनं.

खेळणं असेल तर टाका २ मिलिमीटरचा घ्या, मोठा नको, भरताना शिवण ताणली जाते. सोंडेच्या वळणावर मार्जिनला टिपेच्या दोन मिलिमीटर अलीकडपर्यंत चीर द्या. भरणं चिमटी चिमटीनं, आधी सोंड, मग पाय, शेवटी पोट. भरायला ठेवलेलं तोंड नेहमी सरळ शिवणीवर असावं. आणि ३ वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर डोळ्यांना बटणं नकोत, मणी नकोत. दोऱ्यानं भरा. बटण कितीही घट्ट लावलं तरी ते तोंडात जाणारच, आणि तोंडात गेलं की घशात. ग्लू गन सजावटीला ठीक. जे हाताळलं जाणार, धुतलं जाणार, ते शिवा. तापलेल्या गाडीत ठेवलेल्या वस्तूचा गोंद मऊ पडतो, टाका पडत नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. एक मुलगी लहान भावाचा हत्ती घेऊन आली. सोंड उसवलेली, एक कान गळलेला. "काकू, हा तुमचाच ना?" लांबून आमचाच होता. जवळून नव्हता. कान गोंदानं चिकटवलेले, टाका ३ मिलिमीटरच्या वरचा, सोंडेची चीर थेट टिपेतून गेलेली. मी पाठवून देणार होते, पण ती मुलगी उभीच राहिली.

भरण काढलं आणि हत्ती उलटा केला. सवयच आहे. सोंडेखाली खाच, पोटपट्टीला खाच, शेपटीला खाच. आणि मागच्या पायाच्या वळणावर, कशालाच न जुळणारी चौथी.

म्हणजे इतकी वर्षं तिनंही ती ठेवली. ज्या खाचेवरून माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती ती. कापडाची कड मात्र कुरतडल्यासारखी होती. जिचा हात मला माहीत आहे तिनं हे कापलं नसावं, किंवा कापलं असेल तर धड कात्रीनं नाही.

सोंड नव्यानं शिवली, कान टाक्यांनी लावले, पोटाचं तोंड आतून लपत्या टाक्यानं बंद केलं. खालचे लोंबते दोरे तिच्याच कात्रीनं छाटले. मुलगी हत्ती घेऊन गेली आणि मी कात्री पुन्हा खिळ्याला लावली.