आमची वाटचाल : मामा, बा आणि नंबरांची वही

बडोद्यात मी पोहण्याचा क्लास चालवते, आणि मी बॅकस्ट्रोकवाली. पोहणाऱ्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सांगते, पाठीवर पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर झेंड्यांची दोरी असते. झेंडे दिसले की हात मोजायचे आणि वळायचं. आमच्या लहानपणी बडोद्यात ज्या पूलवर मी शिकले तिथं झेंडे नव्हते, कडुनिंबाची एक फांदी होती. फांदीपासून चार हात. एका उन्हाळ्यात माळ्यानं फांदी छाटली, कुणी सांगितलं नाही, आणि माझ्या टाळूला तीन टाके पडले.

वडील दांडिया बाजारातून रोज जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणारे. त्यांच्या मते मुलीनं मल्लखांब तरी करावा किंवा लेझीम. पाण्यात काय आहे? १९८६ च्या सोल एशियाडमध्ये खजान सिंगनं २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य आणलं, त्यांनी पेपरात फोटो पाहिला, तेव्हा कुठे माझी फी नियमित भरली जाऊ लागली. आमच्या बॅचमधली सगळी पोरं त्या आठवड्यात बटरफ्लाय मारत सुटली. मी पाठीवरच राहिले. पोहण्यातलं पुढचं एशियाड पदक यायला थेट २०१० उजाडलं, ते आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं आणलं. मधली चोवीस वर्षं आमच्यासारख्यांनीच पूल भरते ठेवले, एवढं नोंदवून ठेवते.

स्पर्धेतलं फार सांगत नाही. १९९१ मध्ये बॅकस्ट्रोकच्या टर्नचा नियम बदलला, भिंतीला हात लावायची सक्ती गेली, पोटावर वळून कोलांटी मारायची मुभा मिळाली. आम्हाला हे कुणी कळवलंच नाही. पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत बाजूच्या दोन्ही लेनमधल्या मुली कोलांटी मारून गेल्या आणि मी इमानदारीत हात लावत राहिले. चौथी आले. अजून चुटपुट लागते.

एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा प्रशिक्षक कोर्स करून २००३ च्या उन्हाळ्यात मी क्लास काढला. नदीच्या अंगाला एका संस्थेचा पूल होता, तो सकाळचे तीन तास भाड्यानं. भांडवल म्हणजे एक शिट्टी, एक स्टॉपवॉच, बारा किकबोर्ड आणि कडेनं धरायचा लांब बांबू. पण क्लास खरा उभा राहिला तो फिल्टर रूममधल्या मामांमुळे. मामा त्या संस्थेच्या पगारावर, पण पहिल्या दिवसापासून माझे भागीदारच.

मी स्ट्रोक शिकून आले होते, पाणी मला मामांनी शिकवलं. पंचवीस बाय दहा मीटरचा पूल, सरासरी खोली एक पूर्णांक चार मीटर, म्हणजे साडेतीन लाख लिटर. त्यात क्लोरीन एक पीपीएमनं, म्हणजे दहा लाख भागांत एका भागानं, वाढवायचं तर तेहतीस टक्क्यांची ब्लीचिंग पावडर किलोपेक्षा जराशी जास्त. पहाटे पाचला मामा काचेच्या नळीत पूलचं पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे आणि ट्यूबलाइटखाली धरायचे. लिंबाच्या सालीसारखा पिवळा आला तर ठीक. मग पाण्याची आम्लता बघायला फिनॉल रेडचे थेंब, पीएच ७.२ ते ७.६ च्या मध्ये हवा. तो वर चढला की क्लोरीन असून नसल्यासारखं. आणि डोळ्यांना, नाकाला झोंबणारा वास आला की पालक म्हणतात, आज औषध जास्त टाकलंय. अहो, उलट! घाम आणि पोरांची पाण्यातली शू क्लोरीनला मिळून तो वास होतो. तिथं क्लोरीन कमी पडलेलं असतं. आंघोळ करून पाण्यात उतरा म्हणते ते उगीच नाही.

२०१८ पर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात गर्दी, दिवाळीनंतर शुकशुकाट.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. विश्वामित्री पात्राबाहेर आली आणि आमचा पूल नदीतच गेला म्हणा. शेजारच्या सोसायटीतून वनखात्यानं मगर नेली, ती आमच्याकडे आली नाही एवढंच. पाणी ओसरल्यावर पूलमध्ये चहासारखा गाळ, मोटर बुडालेली. संस्थेच्या लोकांना घाई, लगेच रिकामा करा, धुवा, सुरू करा. मामा हात जोडून सांगत होते, "साहेब, आतलं पाणी आहे म्हणून टाकी जागेवर आहे. जमीन अजून भरलेली आहे. रिकामी केलीत तर खालचं पाणी हिला होडीसारखी उचलेल. महिनाभर थांबा." मीही सांगितलं. फिल्टरवाल्याचं आणि पोहणं शिकवणाऱ्या बाईचं कोण ऐकतो? डिझेल पंप लावून रातोरात उपसला. तिसऱ्या दिवशी खोल बाजूची फरशी फुगून वर आली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडा गेला. मामा काठावर बसून राहिले, बोलले काहीच नाहीत.

दुरुस्ती होईपर्यंत क्लास बंद. आणि दुरुस्ती झाल्यावर करार कुणाशी झाला? माझ्याच असिस्टंटशी. नऊ वर्षांचा असताना बांबू धरून ज्याला मी पाण्यात उतरवलं, पुढे शिट्टी हातात दिली, तो. जाताना माझी नंबरांची वही घेऊन गेला, सोळा वर्षांच्या पालकांचे फोन त्यात. गेटवर बोर्ड लागला, "पंधरा दिवसांत पोहायला शिका". पंधरा दिवसांत हातपाय मारता येतात हो. खोल बाजूला दोन मिनिटं सायकल मारत, हसत उभं राहता येत नाही, आणि बुडायची वेळ येते तेव्हा तेच कामाला येतं.

करार मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात झाला. त्याच महिन्यात देशभरचे पूल बंद झाले. मला तेव्हा बरं वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण दुसऱ्या पूलसाठी डिपॉझिट मीही भरून बसले होते. दोन शिकवणाऱ्या मुलींचे पगार एफडी मोडून दिले. स्पर्धेतली पोरं गच्चीवर, ग्रिलला रबराची नळी बांधून हात ओढायची.

त्या दिवसांत दर महिन्याच्या पाच तारखेला एकाच माणसाची फी यायची. आमच्या बा, गुजरातीत बा म्हणजे आई. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे धरून आल्या होत्या, पहिले वीस दिवस पायऱ्यांवरून हलल्या नाहीत. मग एक दिवस तरंगल्या आणि म्हणाल्या, "पाणीमां तो मारुं वजन ज नथी लागतुं!" पाण्यात माझं वजनच जाणवत नाही. मी फोन करून म्हटलं, बा, पूल बंद आहे, फी कसली? तर म्हणे, "तारो पंप तो चालु राखवो पडशे ने?" तुझा पंप तर चालू ठेवावा लागेल ना? ऑक्टोबरच्या मध्यावर खेळाडूंच्या सरावाला परवानगी मिळाली, सर्वांसाठी पूल उघडले ते १ फेब्रुवारी २०२१ ला. त्या सकाळी बा पावणेसहालाच गेटवर हजर.

आता आईवडिलांना थोडं. दंडातले फुगे घालून मुलाला पाठवू नका. त्यात मूल उभं लटकतं आणि पाण्यात आडवं व्हायचं असतं हे विसरतं. "घाबरू नको" काठावरून ओरडू नका. घरी बादलीत तोंड घालून बुडबुडे काढायला लावा, नाकातून, सावकाश. श्वास घ्यायला कुणाला शिकवावं लागत नाही, सोडायला लागतं. आणि गॉगल स्वस्तातला चालेल, पण रबर आवळून डोळ्याभोवती वळ उठवू नका.

आता आमची बॅच नव्या पूलवर सकाळी सहाला असते. झेंडे मी स्वतः लावून घेतलेत, दोन्ही टोकांना. मामा रिटायर झाले, तरी रविवारी येतात, ओटीची नळी उजेडात धरून बघतात आणि नव्या ऑपरेटरला चार शब्द सुनावतात. नंबरांची नवी वही केली आहे. ती पर्समध्ये असते, आणि पर्स बांच्या खुर्चीवर.